समाजाची माहिती कशी घडते : संशोधन पद्धतींची ओळख, दिल्लीच्या आधाराने

समाजशास्त्राचा अभ्यासविषय रोज डोळ्यांसमोर असतो आणि हीच त्याची पहिली अडचण आहे. जात, कुटुंब, शेजार, नोकरी, लग्न, स्थलांतर यांविषयी प्रत्येकाजवळ अनुभव असतो आणि अनुभवावरून बनलेले मतही असते. ‘शहरात आता जात कोण विचारतो?’ हे असेच एक मत. ते कितपत खरे, कोणाच्या बाबतीत खरे, हे ठरवायचे तर स्वतःच्या अनुभवाबाहेर पडून माहिती गोळा करावी लागते. ती कोणाकडून आणि कशी घेतली हे उघड सांगावे लागते, आणि दुसऱ्या कोणाला त्याच वाटेने जाऊन निष्कर्ष पडताळता येईल अशी सोय ठेवावी लागते. या सगळ्या व्यवहाराला मिळून संशोधन पद्धती म्हणतात.

पाठ्यपुस्तके माहितीची विभागणी दोन तऱ्हांनी करतात. संशोधकाने स्वतः जाऊन मिळवलेली ती प्राथमिक, दुसऱ्या कोणी आधीच नोंदवून ठेवलेली ती दुय्यम. आकड्यांत मांडता येते ती संख्यात्मक, वर्णनातून आणि बोलण्यातून हाती येते ती गुणात्मक. ही विभागणी सोयीची असली तरी प्रत्यक्ष कामात ती फार लांब साथ देत नाही. जनगणनेचा आकडा अभ्यासकाच्या टेबलावर दुय्यम म्हणून येतो. पण त्याचा जन्म एका दारात झालेला असतो. तिथे प्रगणकाने प्रश्न विचारलेला असतो, घरातल्या कोणीतरी उत्तर दिलेले असते, आणि ते उत्तर ठरलेल्या रकान्यांपैकी एकात बसवलेले असते. म्हणून कोणतीही माहिती हाती आली की ती कोणी नोंदवली, कशासाठी नोंदवली आणि नोंदवताना काय गळून गेले, हे आधी विचारावे लागते. पुढे येणाऱ्या प्रत्येक पद्धतीची परीक्षा याच प्रश्नांनी होते.

उदाहरणे मुख्यतः दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली घेण्याला कारण आहे. देशाची मोजदाद करणारी कार्यालये याच शहरात आहेत आणि ती मोजदाद तपासून पाहणाऱ्या संस्थाही इथेच वाढल्या. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९५९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो एम. एन. श्रीनिवास यांनी. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी. मालवणात जन्मलेल्या घुर्यांनी १९२४ पासून मुंबईचा विभाग सांभाळला. इरावती कर्वे, अ. र. देसाई, एम. एस. ए. राव हेही त्यांचेच विद्यार्थी, आणि यांतले राव पुढे दिल्लीत शिकवू लागले. गुरू-शिष्यांत पद्धतीवरून मात्र मोठा फरक पडला. घुर्यांचा भर धर्मग्रंथ, इतिहास आणि जनगणनेचे अहवाल यांवर होता. ग्रंथांतला समाज आणि प्रत्यक्ष जगणारा समाज एक नसतात, तेव्हा गावात राहूनच पाहिले पाहिजे, असा श्रीनिवासांचा आग्रह. भारतीय समाजशास्त्रातला हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटण्याची गरजही नाही. दोन्ही बाजूंनी चांगले काम झाले आहे.

सगळ्यांत मोठा दुय्यम स्रोत म्हणजे जनगणना. भारतात तिची सुरुवात १८७२ ची आणि दर दहा वर्षांचा नेम १८८१ पासूनचा. एखाद्या शहराच्या आयुष्यातली उलथापालथ तिच्यात किती ठळक उमटते हे दिल्लीच्या दोन आकड्यांत दिसते. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. मधल्या दशकात फाळणी झाली होती. २०११ च्या जनगणनेत हाच आकडा १ कोटी ६७ लाख ८७ हजार ९४१ झाला. शहर किती आणि कोणत्या दशकात वाढले हे जनगणनेइतक्या भरवशाने दुसरे कोणी सांगू शकत नाही.

मोजण्याआधी मात्र वर्गवारी ठरवावी लागते, आणि वर्गवारी हा निर्णय असतो. दिल्लीत वस्त्यांचे आठ प्रकार शासकीय कागदांत आहेत : नियोजित वसाहती, अनधिकृत वसाहती, नियमित केलेल्या अनधिकृत वसाहती, पुनर्वसन वसाहती, झुग्गी-झोपडी समूह, अधिसूचित गलिच्छ वस्त्या, शहरी गावे आणि ग्रामीण गावे. सन २००० च्या शासकीय अंदाजानुसार शहरातले फक्त २३.७ टक्के लोक नियोजित वसाहतींत राहत होते. म्हणजे ज्याला रूढ अर्थाने ‘शहर’ समजले जाते ते चौथ्या हिश्श्यापुरतेही नव्हते. आता ‘दिल्लीत झोपडपट्टीत राहणारे किती?’ या प्रश्नाचे उत्तर यांतले कोणते रकाने धरले त्यावर ठरणार. झुग्गी धरली आणि दाटीवाटीची अनधिकृत वसाहत वगळली तर आकडा लहान होतो. पाणी, गटार आणि वाट यांची अवस्था पाहून मोजले तर तो कितीतरी वाढतो. खोटे कोणीच बोलत नसते, तरी निधी कुठे जाणार आणि बुलडोझर कुठे जाणार हे त्या रकान्यावरून ठरते. संकल्पनेची व्याख्या करणे हे संशोधनातले सगळ्यांत कोरडे काम समजले जाते, पण इतके परिणाम दुसऱ्या कोणत्याच टप्प्याचे होत नाहीत.

जनगणनेला काय दिसते आणि काय नाही, हे एका मराठी उदाहरणावरून जास्त स्पष्ट होईल. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे कित्येक पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. दिल्लीच्या सराफी बाजारांच्या गल्ल्यांतही ती आहेत : लहानशी खोली, भट्टी, मूस, तेजाब आणि जुने दागिने वितळवून टंच काढण्याचे काम. जनगणनेच्या तक्त्यांत ही माणसे दोन ठिकाणी येतात. मातृभाषेच्या तक्त्यात ती मराठी भाषकांमध्ये मोजली जातात, तिथे केंद्र सरकारातला मराठी अधिकारी आणि ती एकाच आकड्यात. स्थलांतराच्या तक्त्यात कारणांचे मोजके रकाने असतात : काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह आणि असेच आणखी काही. गलाईवाला ‘काम’ किंवा ‘व्यवसाय’ यांत बसतो. त्याला इथे कोणी आणले, पहिली काही वर्षे तो कोणाच्या दुकानात राबला, गावातल्या दुष्काळाचा यात काय वाटा होता, मुलांची लग्ने कुठल्या सोयरिकीत होतात, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. मोठ्या आराखड्यात या समाजाची जागा शोधायला तक्ता लागतो आणि त्याचे जगणे कळायला दुकानात जाऊन बसावे लागते.

जनगणना थांबली की काय होते, याचाही अनुभव देश घेत आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. दरम्यान नमुने काढण्यासाठी २०११ च्या याद्या आधाराला धराव्या लागल्या. ग्रेटर नोएडाच्या पश्चिमेकडचे उंच इमारतींचे जंगल त्या याद्यांच्या वेळी जवळजवळ शेतजमीनच होते. अशा भागाला नमुन्यात त्याचा न्याय्य वाटा मिळणे जिकिरीचे होते.

सगळ्यांना विचारणे शक्य नसते, म्हणून नमुना पाहणी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि मोजक्या कुटुंबांवरून सबंध देशाविषयी बोलण्याचे शास्त्र भारतात रुजले. त्यामागचा नियम साधा आहे : समूहातल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधीपासून माहीत असली पाहिजे. हा नियम पाळला तर काही हजार कुटुंबे पुरतात आणि मोडला तर काही लाखही पुरत नाहीत. नमुना मोठा म्हणजे पाहणी चांगली, हा समज वृत्तपत्रांतून इतका पसरला आहे की तो पुन्हा पुन्हा खोडून काढावा लागतो.

दिल्लीसारख्या शहरात हा नियम पाळणे किती अवघड आहे हे पाहण्याजोगे आहे. सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज ही रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये उभी केलेली दिल्लीतली संस्था. तिथल्या निवडणूक अभ्यासांत मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे उचलून नमुना काढला जातो. मतदानाच्या अभ्यासाला ही यादी योग्यच. पण बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कितीतरी मजुरांचे नाव अजून गावच्या यादीत असते. शहराच्या राहणीमानाविषयी बोलायचे असेल तर ते सगळे अशा नमुन्याबाहेर राहतात. घरांची यादी घेतली तर कारखान्यातच झोपणारा कामगार सुटतो. गुरुग्रामच्या बंदिस्त संकुलात पाहणीवाल्याला फाटकावरचा रखवालदार आत सोडत नाही, आणि मग ‘प्रतिसाद मिळाला नाही’ या नोंदीखाली नेमका श्रीमंत वर्ग जमा होतो. गरिबांवर एवढे संशोधन आणि श्रीमंतांवर इतके थोडे, याचे एक कारण त्या फाटकात आहे. करोनाच्या टाळेबंदीत दिल्लीच्या नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्चने राजधानी क्षेत्रात दूरध्वनीवरून पाहणी केली. त्या काळात दारोदार जाणे शक्यच नव्हते. पण फोनवर बोलणारा माणूस घरातल्या कोणाच्या वतीने बोलतो आणि बाजूला कोण उभे आहे, हे फोनवर दिसत नाही.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती फिरते, याचे उत्तम उदाहरण नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्चच्याच कामात सापडते. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाबरोबर तिने भारत मानव विकास सर्वेक्षण केले. २०११-१२ च्या फेरीत ४२,१५२ कुटुंबे होती आणि त्यांतली बरीचशी २००४-०५ मध्येही भेटलेली होती. एकाच कुटुंबाला काही वर्षांनी पुन्हा भेटणाऱ्या अशा पाहणीतून बदलाचा माग लागतो. एकदाच केलेल्या पाहणीतून तो लागत नाही. या सर्वेक्षणात अस्पृश्यतेविषयी विचारायचे होते. घरात कोणी अस्पृश्यता पाळते का, असा थेट प्रश्न आधी ठेवला. नाही म्हणणाऱ्यांना लगेच पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता कोणत्या ना कोणत्या रूपात पाळली जाते असे दिसले. पहिल्या प्रश्नाला नाही आणि दुसऱ्याला नकार देणारा माणूस प्रत्येक वेळी खोटे बोलत असतोच असे नाही. ‘अस्पृश्यता’ हा शब्द त्याला कायद्यातला गुन्हा वाटतो आणि स्वयंपाकघरातला नेम त्याला घरची रीत वाटते. प्रश्नावली तयार करणाऱ्याने समाज आतून ओळखलेला असला पाहिजे तो याचसाठी. चांगल्या प्रश्नामागे गुणात्मक जाण असते. संख्यात्मक आणि गुणात्मक अशी दोन छावण्यांतली भांडणे म्हणूनच निष्फळ ठरतात.

वेळेच्या वापराची पाहणीही अशीच विचारपूर्वक बेतलेली आहे. २०१९ मध्ये देशभर झालेल्या पहिल्या पाहणीत आदल्या पहाटे चार ते त्या दिवशी पहाटे चार अशा चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या अर्ध्या तासाने विचारला गेला. घरातल्या बिनमोबदला कामात गुंतलेल्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे जातात, असे त्यातून निघाले. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर देणाऱ्या बाईचे पाच तास अशा रीतीने नोंदीत आले. त्यातही एक गोष्ट मोजायला अवघड जाते : भाजी चिरताना मुलाचा अभ्यास घेणे आणि सासऱ्यांच्या औषधाकडे लक्ष ठेवणे हे एकाच अर्ध्या तासात चाललेले असते.

क्षेत्रकार्य ही याच्या अगदी दुसऱ्या टोकाची पद्धत. लोकांत महिनोन्‌महिने राहायचे, त्यांची भाषा बोलायची, पाहिलेले त्याच दिवशी वहीत उतरवायचे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर ही रीत घालून दिली. दिल्लीच्या परिसरात तिचा मोठा प्रयोग १९५०च्या दशकात झाला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी राणीखेडा या जाटबहुल गावाचा अभ्यास केला आणि १९५८ च्या पुस्तकात त्याला ‘रामपूर’ असे टोपणनाव दिले. त्याआधी लुईस यांनी मेक्सिकोतल्या तेपोत्झलान या गावाचा पुन्हा अभ्यास केला होता. आधी अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट रेडफिल्ड यांना जे गाव सलोख्याचे वाटले होते, त्यातच लुईस यांना हेवेदावे, भीती आणि भांडणे दिसली. गाव बदलले होते की पाहणारा, या प्रश्नाने त्या पिढीला बराच विचार करायला लावले. राणीखेड्यातही लुईस यांनी गावातले गट, त्यांची जुनी वैरे आणि युती यांकडे विशेष लक्ष दिले. पुढे एम. एस. ए. राव यांनी दिल्लीच्या काठावरच्या एका यादव गावाचा अभ्यास करून १९७० मध्ये प्रसिद्ध केला. शहर जवळ आले म्हणजे गाव विरघळते हा समज त्यातून ढळला : शहराला भाजी आणि नोकरदार पुरवताना नातेसंबंध टिकून राहत होते, त्यांची कामे मात्र बदलत होती.

क्षेत्रकार्यातली माहिती वह्यांत असते तितकीच संशोधकाच्या अंगात मुरलेली असते. श्रीनिवासांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात काम केले. त्या नोंदी वर्गवार लावण्यात पुढची कितीतरी वर्षे गेली. एप्रिल १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना त्यांच्या अभ्यासकक्षाच्या इमारतीला आग लावली गेली आणि त्या वर्गवार नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यानंतर मुख्यतः स्मरणावर भिस्त ठेवून त्यांनी जे पुस्तक लिहिले ते १९७६ मध्ये ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ या नावाने आले. त्याच्या शास्त्रीयतेवर आक्षेप घेतले गेले, आणि आक्षेप रास्तही होते, कारण आठवण ही निवड करते. तरीही गावातल्या माणसांचे स्वभाव, मैत्री आणि मान यांचे असे चित्रण तक्त्यांनी भरलेल्या पुस्तकांत क्वचितच भेटते.

मुलाखत आणि मौखिक इतिहास यांचा आधारही आठवणच. उर्वशी बुटालिया यांचे ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ हे १९९८ चे पुस्तक फाळणीतून आलेल्या माणसांशी, विशेषतः स्त्रियांशी झालेल्या दीर्घ बोलण्यांवर उभे आहे, आणि त्यांत लाहोरातच राहिलेले त्यांचे स्वतःचे मामाही आहेत. अशा मुलाखतीत कोणती गोष्ट कितव्या भेटीत सांगितली गेली, कशावर सगळे घर गप्प झाले, हीसुद्धा माहितीच असते. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण राजधानी क्षेत्राच्या उत्तर टोकाला आहे. कर्नाल-पानिपत भागातल्या रोड समाजात अनेक जण आपण १७६१ च्या लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठा सैनिकांचे वंशज असल्याचे सांगतात, आणि महाराष्ट्रातून तिथे आपुलकीने जाणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. यात दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. सैनिक खरोखर तिथे राहिले का, हा इतिहासाचा प्रश्न. त्याला तत्कालीन कागद हवेत. ही कथा कधीपासून, कोणासमोर आणि कशासाठी सांगितली जाते, तिने सोयरिकीत, सभासंमेलनांत आणि प्रतिष्ठेत काय फरक पडला, हा समाजशास्त्राचा प्रश्न. त्याला आजची माणसे पुरेशी आहेत. पहिल्याचे उत्तर काहीही निघाले तरी दुसऱ्याचे महत्त्व कमी होत नाही.

कागदपत्रे बोलत नाहीत असे वाटते, पण त्यांनाही प्रश्न विचारता येतात. मानवशास्त्रज्ञ एमा टार्लो यांना दिल्लीच्या महापालिकेत आणीबाणीच्या काळातल्या फायली सापडल्या. पुनर्वसन वसाहतीतल्या भूखंडाचा हक्क आणि नसबंदी यांची सांगड घालणारे अर्ज त्यांत होते. स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली की दुसऱ्याला ‘प्रवृत्त केले’, याची नोंद त्यांवर होती. नुसत्या फायलींवरून लिहिले असते तर सरकारी बळजबरीचा एक नीटनेटका तक्ता तयार झाला असता. टार्लो वेलकम या वसाहतीत गेल्या आणि लोकांशी बोलल्या, तेव्हा ‘प्रवृत्त केले’ या नोंदीमागचा व्यवहार उघड झाला. ज्याला जमले त्याने आपल्याहून गरीब माणसाला पैसे देऊन त्याची नसबंदी करवली आणि स्वतःचे घर वाचवले. बळजबरी वरून आली होती खरी, पण खाली येता येता तिचा बाजार झाला होता. २००३ मध्ये आलेल्या टार्लो यांच्या पुस्तकाने दाखवून दिले की कागद आणि माणूस एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय दोघांचेही पुरते कळत नाही.

गुन्ह्यांच्या आकडेवारीलाही हाच न्याय लागू पडतो. २०१३ मध्ये दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांनी निकाली काढलेल्या बलात्काराच्या जवळजवळ सहाशे खटल्यांची निकालपत्रे ‘द हिंदू’ या वृत्तपत्राने वाचून काढली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. पूर्ण सुनावणी झालेल्या खटल्यांपैकी सुमारे दोन पंचमांश असे होते की ज्यांत संबंध संमतीचे दिसत होते. बहुतेकदा जोडपे पळून गेल्यावर मुलीच्या आईवडिलांनी फिर्याद दिली होती. उरलेल्यांत गरीब वस्त्यांतल्या लहान मुलांवरच्या अत्याचारांचे प्रमाण मोठे होते. दोन्ही गोष्टी भयंकर आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि पोलिसांच्या वार्षिक तक्त्यात दोन्ही एकाच ओळीत असतात. ज्या अत्याचारांची फिर्यादच झाली नाही ते तर कोणत्याच ओळीत नसतात.

एकाच प्रश्नावर वेगवेगळ्या पद्धती लावल्या तर काय हाती येते, याचा सर्वांत बोलका नमुना ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या ऑक्टोबर २००७ च्या एका अंकात आहे. नोकरीच्या बाजारात जात आणि धर्म यांमुळे भेदभाव होतो का, हा प्रश्न. त्यातले एक प्रमुख संशोधक सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. थोरात आणि पॉल अटवेल यांनी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले : ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज, ६६ आठवडे. पात्रता जुळती आणि नाव तेवढे वेगळे. एक नाव सवर्ण हिंदू वाटणारे, एक दलित, एक मुस्लिम. अर्जात जात किंवा धर्म कुठेही लिहिलेला नव्हता. समान पात्रतेच्या सवर्ण नावाला पुढचे बोलावणे येण्याची अनुकूलता १ धरली तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ भरली. ही प्रयोगाची पद्धत. तिचे बळ असे की बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलली जाते, म्हणून कारणाकडे बोट दाखवता येते.

त्याच अंकात एस. मधेश्वरन आणि अटवेल यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून दाखवले की भेदभावामुळे अनुसूचित जाती-जमातींच्या शहरी कर्मचाऱ्यांची मजुरी तेवढ्याच पात्रतेच्या इतरांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी पडते. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ही मंडळी एका सुरात गुणवत्तेची भाषा बोलत होती, जातीचा उल्लेखही नको म्हणत होती, आणि लगेच उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहतो असेही सांगत होती : वडील काय करतात, भावंडे काय शिकली, घर कुठल्या शहरात. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा माग ठेवला. सारखीच पदवी हातात घेऊन निघालेल्या मुलांच्या अपेक्षा आणि वाटा कशा फाकत जातात हे त्यातून दिसले.

चार प्रकारची माहिती, आणि प्रत्येकीला दिसलेली गोष्ट वेगळी. पाहणीने तफावत किती ते सांगितले. तिचे कारण पक्के करणे तिला अवघड होते. प्रयोगाने कारण पकडले, पण दारात शिरण्याच्या पहिल्या क्षणापुरते. मुलाखतीत, बढतीत, कचेरीतल्या जेवणाच्या टेबलावर काय होते हे अर्जाला दिसत नाही. अधिकाऱ्यांच्या मुलाखतींनी भेदभाव कोणत्या सभ्य शब्दांत वावरतो ते दाखवले. विद्यार्थ्यांच्या पाठपुराव्याने तो सोसणाऱ्याच्या बाजूने समोर आणला. यांतले कोणतेही एकटे असते तर त्याच्यावर शंका घेऊन बाजूला सारणे सोपे झाले असते.

निष्कर्ष एकाच दिशेचे येतील असा मात्र नियम नाही. अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड, सौगातो दत्ता आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी दिल्ली आणि परिसरात सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी असाच प्रयोग केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा ठळक फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत आढळला. या दोन प्रयोगांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात अर्थ नाही. बाजार वेगळे, कामे वेगळी. भेदभाव आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कुठे वाढतो आणि कुठे घटतो, हा पुढचा प्रश्न अशा फरकांतूनच जन्मतो. थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरिदाबाद येथील भाड्याच्या घरांवर प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच वळणाचा. घर पाहणारे फोनवरून आणि प्रत्यक्ष जाऊन चौकशी करत. सवर्ण नावाला बहुतेक ठिकाणी होकार, दलित नावाला अनेकदा नकार किंवा वाढीव अटी, मुस्लिम नावाला सर्वाधिक नकार, असा क्रम दिसला.

अशा प्रयोगांत एक नैतिक पेच असतो. घरमालकाला किंवा कंपनीला आपण संशोधनाचा भाग आहोत हे माहीत नसते, आणि सांगितले तर प्रयोगच उरत नाही. एरवी संशोधनाचा दंडक असा की माहिती देणाऱ्याची समजून दिलेली संमती हवी आणि त्याची ओळख झाकली जावी. लपवण्याला मुभा द्यायची तर कोणाचे वैयक्तिक नुकसान होणार नाही आणि नाव कुठेही उघड होणार नाही, याची हमी आधी तपासून घ्यावी लागते. जनगणनेला हे संरक्षण कायद्याने आहे : १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. क्षेत्रकार्यात ते संशोधकाच्या शब्दावर असते. गावाला टोपणनाव दिले तरी सरपंच कोण आणि त्याचा भाऊबंद कोण हे त्या गावातल्या वाचकाला लगेच कळते.

माहितीचा एक नवा प्रकार अलीकडे झपाट्याने वाढला आहे : जी कोणी संशोधनासाठी गोळा केलेली नाही, व्यवहार होताना आपोआप साठते. मेट्रोचे कार्ड, घरपोच मागवलेली भाजी, संकुलाच्या फाटकावर मोबाइलमध्ये होणारी कामवाल्या बाईंच्या येण्याजाण्याची नोंद. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून स्त्रियांना बसप्रवास मोफत झाला आणि प्रत्येक प्रवासाला गुलाबी तिकीट दिले जाऊ लागले. त्या तिकिटांची बेरीज प्रचंड भरते, पण ती प्रवासांची बेरीज आहे, प्रवासी बायकांची नव्हे. दिवसातून चार बस बदलणारी एकटी बाई तिथे चार असते. तिकिटामुळे कोण प्रथमच घराबाहेर पडली, कोणी जवळचे काम सोडून लांबचे बरे काम धरले, वाचलेले पैसे कशाला लागले, हे विचारायला बसथांब्यावर उभे राहावे लागते. आपोआप साठलेल्या माहितीचे आकारमान पाहून भारावून जाण्याचा हा काळ आहे, म्हणून तिच्याबाबतीत नमुन्याचा जुना नियम अधिक कसून लावला पाहिजे : या साठ्यात कोण येतच नाही?

अशा साठ्यांची मालकी बहुधा कंपन्यांकडे किंवा खात्यांकडे असते आणि अभ्यासकाला ते विनवणीने मिळतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत ठेवलेली आहे. अट अशी की त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये. सार्वजनिक पाहण्यांच्या बाबतीत स्थिती बरीच चांगली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबवार माहिती, नावपत्ते काढून, आता संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते, आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही दिल्लीतल्या प्राध्यापकाचा निष्कर्ष तपासू शकतो. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि क्षेत्रकार्याच्या वह्या यांच्यासाठी अशी व्यवस्था अजून तोकडी आहे. त्या बहुधा संशोधकाच्या घरच्या कपाटात राहतात, आणि त्या खुल्या करायच्या तर ज्यांनी विश्वासाने बोलून दाखवले त्यांना, किंवा त्यांच्या मुलाबाळांना, पुन्हा एकदा विचारायला जावे लागते.